फिरत्या पंख्यापुढचे अण्णा

"काका, अण्णा गेले... तुमच्याकडं त्यांचा एखादा फोटो हाय का?" नागनाथअण्णांच्या मुलानं, प्रकाशनं, सकाळी फोनवर हे दोन्ही एकाच दमात बोलून टाकलं. पहिलं डोक्यात शिरायच्या आत दुसरं आलं. नळदुर्गात उभा जन्म फोटो स्टुडिओ चालवलेल्या माणसाचा धड एक फोटो घरात नव्हता! लग्नांचे अल्बम ढिगानं, पण अण्णा कायम कॅमेऱ्यामागं. होता तो फक्त आधार कार्डावरचा, आणि तो दाखवून ते स्वतःच म्हणायचे, "मास्तर, ह्यो माणूस कुठं दिसला तर पोलिसांना कळवा."

गावात कुणी वारलं की लोक अण्णांकडंच यायचे. कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून गेलेल्याचा चेहरा शोधून, मोठा करून, ते हार घालायजोगा फोटो करून द्यायचे. त्यांचा हट्ट एकच, "डोळं दिसले पायजेत. घरच्यांनी दिवा लावला तर समोरच्यानं बघाय नको का?" या कामातून सुटले की मात्र त्यांना माणसं नको असत, विमानं हवी असत. तीही जुनी. सेवेतून काढून एखाद्या चौकात चौथऱ्यावर उभं केलेलं लढाऊ विमान असलं, तरी हे एसटीनं तिथं जाणार, शेपटीवरचा नंबर वहीत उतरवून घेणार आणि नवा रंग बघून भडकणार, "पार रसवंतीच्या गाड्यावानी रंगवलंय की हो!" मी निवृत्त शिक्षक, दुसरा उद्योग नाही, म्हणून सोबत जायचो आणि वाटभर कुरकुरायचो. खरं सांगायचं तर त्या खेपांची मी वाट बघायचो.

तीन वर्षांपूर्वी हैदराबादच्या बाजूला जुनी विमानं उडवून दाखवणार होते. धपाटे बांधून आम्ही निघालो. नाकावर पंखा असलेल्या विमानाचा फोटो झटकन काढायचा नाही, हे अण्णांनी मला केव्हाच शिकवलं होतं. शटर जरा सावकाश ठेवायचं, म्हणजे पंखा फिरताना दिसतो. नाहीतर पाती जागच्या जागी थिजतात. "पंखा थांबल्यालं इमान म्हंजे मढंच की," ते म्हणायचे. दोरीपलीकडं एक पिवळं, वर-खाली दोन पंखांचं विमान सुरू झालं आणि अण्णांनी अचानक कॅमेरा माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मास्तर, माझा एक काढा."

विमानाकडं पाठ करून ते उभे राहिले, कॉलर नीट केली, माझ्याकडं बघितलं. मी बटण दाबलं आणि नेमका तेव्हाच वैमानिकानं इंजिनाला जोर दिला. अण्णांची मान गर्रकन मागं वळली. फोटोत पंख्याचं चक्र असं सुंदर आलं... आणि अण्णांचा चेहरा पार पुसला गेला. दुसरा काढेपर्यंत विमान निघून गेलेलं. मी शरमलो. अण्णांनी मात्र डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "पंखा फिरतोय न्हवं? मग झालं!" पुढं त्याची प्रत काढून मलाच दिली, "ठिवा जपून, तुमची कामगिरी."

तीच प्रत मी दोन दिवस टाळून त्यांच्या घरी नेली. अण्णांच्या स्वतःच्या नियमानं ती नापास होती. प्रकाश म्हणाला, "काका, ह्यात डोळंच न्हाईत." मी फोटो परत पिशवीत घालू लागलो, तेवढ्यात वहिनींनी हात पुढं केला. पदरानं पुसून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"जलमभर मी हाक मारली की ह्यांची मान आभाळाकडं. ह्यो माणूस मला ठावं हाय. त्या कार्डातला कोण हाय, काय म्हाईत... ह्योच लावा."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. तो फोटो स्टुडिओत लावला आहे, जिथं लोकांना स्टुलावर बसवून अण्णा "हनुवटी खाली घ्या जरा" म्हणायचे, त्या स्टुलासमोर. त्या बाजूला गेलो की मी थोडा वेळ स्टुलावर बसतो. अण्णा काही माझ्याकडं बघत नाहीत. पहिल्या दिवशी ते फार लागलं. आता मीही, त्यांनी शिकवल्याप्रमाणं, आधी पंखा बघतो. फिरतोय.