कुंदाची मूठ

माझी चुलत बहीण कुंदा अमळनेरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, तेव्हा तिला तहान लागायला लागली. वैशाख होता. खानदेशातल्या उन्हात तहानेचं कुणाला काय वाटणार? सुट्टीत घरी आली तर पोलकं खांद्यावरून घसरत होतं. पुढे एक दिवस मोरीत तिच्या लघवीला मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि तिची आई, मंदाकाकू, घाबरली. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शुगर. आता जन्मभर रोज सुई.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात तोवर शुगर दोन-तीन म्हाताऱ्यांनाच होती. विहिरीवर एका बाईने विचारलं, "काय व पोरी, शुगर तं म्हातारासले व्हस ना?"

"मी लवकर म्हातारी व्हई गऊ," कुंदा म्हणाली. "आते मना पाया पड."

औषधाची बाटली गार ठेवावी लागे आणि घरात फ्रीज नव्हता. माजघराच्या कोपऱ्यात माठाची तिवई होती. तिच्याखाली ओल्या वाळूत एक लहान मडकं पुरलेलं असे, बाटली त्यात. काचेची सिरिंज आणि सुई कुंदा स्वतः उकळायची, आणि आतल्या खोलीत पडद्यामागे जाऊन मांडीत टोचून घ्यायची. पडदा मंदाकाकूने लावला होता. मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना कळू नये म्हणून. पाहुणे यायचे, कुंदा चहा न्यायची आणि कपबशी हातात देतानाच सांगून टाकायची. पुढे पाहुणे येणं थांबलं. पडदा मात्र राहिला.

एकदा सुई बंद करून पाहण्यात आली होती. साक्रीकडच्या कुणा भगताचा अंगारा अक्काने मागवला आणि अंगारा चालू असताना सुई चालणार नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी कुंदा शुद्धीवर नव्हती. जळगावला निघालेल्या केळीच्या ट्रकमधून, हिरव्या घडांवर गोधडी टाकून तिला नेलं. परत आल्यावर अंगाऱ्याची उरलेली पुडी तिने चुलीत टाकली.

अक्का म्हणजे इंदिराबाई, आमची थोरली काकू. तरुणपणीच विधवा झालेली, घरातली सगळ्यात मोठी. कुंदाचे वडील लोटनआबासुद्धा तिच्यासमोर खाटेवर बसत नसत. कुंदावर तिचा जीव होता. ट्रकमध्ये कुंदाचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. पण देवीपुढे तिला दुसरं काही दिसत नसे.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणातली. आमच्या सगळ्या भाऊबंदांची देवी, कानबाई, आबांच्या याच घरात बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून देवी बसवायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. तिच्या प्रसादाला रोट म्हणतात. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची एकेक मूठ सुपात टाकायची, ते गहू दळायचे आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या. रोट घराबाहेरच्याला द्यायचा नाही. सुपात पडलेला दाणा परत काढायचा नाही. आणि ज्याची मूठ पडली त्याने रोट खाल्लाच पाहिजे, नाहीतर देवीचा कोप अख्ख्या घरावर.

आम्ही धुळ्याला राहायचो; शनिवारी दुपारी तिथून पोहोचलो तेव्हा घर चुन्याने पांढरं झालं होतं. आमचा चुलतभाऊ भिकनही आला होता. त्याला चोपड्याला औषधाच्या दुकानात नुकतं काम लागलं होतं आणि ते सांगायची त्याला घाई होती. कुंदा माठाखालची वाळू ओली करत होती.

"अक्का, तुले माहीत शे का," भिकन म्हणाला, "हाई औषध कसानं बनाडतस? गायना पोटमाईन काढतस. बाटलीवर इंग्रजीमा लिखेल शे."

निवडत असलेले गहू तसेच ठेवून अक्काने मान वर केली. "गायना?"

आपण काय बोलून बसलो ते भिकनला आता कळलं. "म्हणजे... बठ्ठा डाक्टर देतस, अक्का. साफ करेल ऱ्हास ते."

अक्का उठली, माठापर्यंत गेली, आणि मडक्याला हात न लावता परत आली.

"कानबाई घरमा येस तवय हाई बाटली घरमा राहाव नही."

"अक्का, पोरले रोज लागस ती," आबा हळूच म्हणाले.

"दोन दिवस नही लिधी तं काय व्हई? कानबाई संभाळी लेई."

आबांनी खाली पाहिलं. त्यांना ट्रक आठवला असणार. सगळ्यांनाच आठवला. मंदाकाकूने पदराने डोळे पुसत मधला मार्ग काढला. "गोठामा ठेवूत. दोन दिवस सुई बी तठेच लेई ती."

गोठ्यावर पत्रा होता. त्या उकाड्यात बाटली खराब झाली असती.

"गायनं औषध गायजोडे. ब्येस," कुंदा म्हणाली. "मी बी तठेच राहू का, माय? सरकीनी ढेप खासू. ढेपमा साखर नही राहास, माले चाली."

भिकनला हसू आलं. अक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि ते विरलं.

"अंगारा दिधा तवय मी ऐकं," कुंदा पुढे म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आते नही ऐकाव. बाटली जठे शे तठेच राही."

अक्काने निवडायचे गहू पुन्हा पुढे ओढले. संध्याकाळी अंगणात पोत्यासमोर सूप घेऊन ती बसली आणि आम्ही सगळे भोवती गोळा झालो. पोत्यात हात घालायचा, नाव घ्यायचं, मूठ सुपात सोडायची. "लोटननी." गहू सुपावर सळसळले. "मंदानी. अभिमननी." अभिमन म्हणजे माझे वडील. "भिकननी." पाळण्यातल्या बाळाचीही पडली. कुंदाचं नाव आबा-काकूंच्या मागोमाग यायचं. ते आलं नाही.

मंदाकाकू काहीतरी पुटपुटली, ते ऐकू आलं नाही. कुंदा मात्र पुढे झाली.

"अक्का, मनी मूठ ऱ्हायनी."

"तुले गोड चालस नही. मंग मूठ कसाले?"

"सुई लिधी का जराखं चालस."

"सुई या घरमा नही."

"मंग मी बी या घरनी नही का?"

अक्काचा हात पोत्यातच राहिला. लग्न होऊन गेलेल्या मुलीची मूठ सासरच्या कानबाईत पडते. कुंदाला सासर नव्हतं, होण्याची चिन्हंही नव्हती. इथे पडली नाही, तर तिची मूठ जगात कुठेच पडणार नव्हती.

कुंदा अक्कासमोर मांडी घालून बसली. अक्काच्या हाताशेजारून तिने आपला हात पोत्यात घातला आणि गच्च मूठ भरून बाहेर काढली.

"कुंदानी!" ती म्हणाली. शेजारच्या अंगणात ऐकू जाईल अशी.

गहू सुपात पडले. तेवढ्यावर ती थांबली नाही. बोटं फिरवून तिने सगळे दाणे एकत्र कालवले, आबांचे, भिकनचे, बाळाचे, तिचे.

"मूठ पडनी," ती म्हणाली. "आते माले रोट खावाच लागी. नही खाधा तं कोप बठ्ठा घरवर. आणि रोट खावाना तं सुई लागी. कसं करतीस ते आते तूच सांग, अक्का."

अक्का सुपाकडे बघत राहिली. एक दाणा तिने चिमटीत उचलला, उजेडाकडे धरला, आणि परत सुपात टाकला. कुणाचा होता, कुणाला सांगता आलं असतं?

"पुढली कोनी?" तिने विचारलं.

पुढची माझी होती.

रविवारी देवी बसली. केवड्याचा वास घरभर होता. नैवेद्य झाला, पंगत मांडली, आणि भिकन पहिल्या पाटावर जाऊन बसला. कुंदाने वाळूतून मडकं काढलं. सिरिंज तिने चुलीवर, पुरणाच्या पातेल्याशेजारीच उकळली होती. पडद्याकडे न जाता ती माजघरातच, माठाला टेकून बसली. देवीच्या आणि आमच्या समोर. पुरुषांनी माना वळवल्या. भिकनने पोळीचा तुकडा मोडला.

"थांब रे!" अक्का ओरडली. "देवीना ताटवर बठेल शेतस. बठ्ठासनी मूठ एक शे. कुंदानी सुई व्हवू दे, मंग खाजो."

कुंदाने बाटली हातात घोळवली. सुई टोचली, काढली, कापूस दाबून धरला. आबांनी पोळीला हात घातला.

"सुईनंतर अर्धा तास थांबनं पडस, आबा," कुंदा म्हणाली.

आबांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने तोंड फिरवलं, पण पोळ्यांवर फडकं टाकलं. पातळभाजी निवत गेली, पोरं कुरकुरली, भिकनने दोनदा घड्याळ पाहिलं. कुंदाने सिरिंज सावकाश पुसली, डबीत ठेवली, बाटलीचं मडकं परत पुरलं, आणि माठातलं पाणी घेऊन त्याभोवतीची वाळू नीट, सगळीकडून, भिजवत बसली.