मानवी हक्कांची किल्ली माझ्या खिशात

हसायचं ते शेवटी हसा, आधी चहा संपवा. माझ्या हातून जे झालं ते ऐकून आमच्या हिने दोन दिवस बोलणं टाकलं होतं. आणि बोलायला लागली तेव्हा वाटलं, आधीचंच बरं होतं!

मी रिटायर्ड मास्तर. घरी स्वस्थ बसवेना, म्हणून नेवाशात मानवी हक्क संघटनेची शाखा काढली. काढली म्हणजे काय, बोर्ड रंगवला! मान्यता अजून यायची होती, आणि ती द्यायला पुण्याहून एक मॅडम येणार होत्या. त्यांना आमचा कार्यक्रम पटला की शाखा पक्की आणि अध्यक्ष मी.

पण माणसं कुठून आणायची? आपल्याकडे पाहुणे यायच्या आत श्रोते पसार! मागच्या व्याख्यानाला शेवटी मी, पाहुणे आणि माइकवाला, एवढेच उरलो होतो. त्यातला माइकवाला वायर गुंडाळत होता.

यावेळी नशीब उघडलं. कारखान्याचं मशीन बिघडलं, तोडणी थांबली. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या बाया आपापल्या कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत होत्या. म्हटलं, चला, तुमच्याच हक्काचं सांगतो. आल्या बिचाऱ्या सभागृहात!

त्यातल्या सुभद्राबाईनं दारातच बजावलं, "मास्तर, बाराच्या आत सोडा बरं. पोरं कोपीवर हायेत, भाकरी थापायच्यात."

"सोडतो की!"

आणि मग मी जो सुटलो! महायुद्ध, त्यात माणसांचे झालेले हाल, मग सगळ्या देशांनी बसून केलेला जाहीरनामा. "कुणालाही मनमानीनं डांबून ठेवता येणार नाही!" असं म्हणत टेबलावर मूठ आपटली. डांबलेल्यांसाठी जगभरातल्या संघटना सरकारांना पत्रं कशा लिहितात, तेही सांगितलं. बाया कान देऊन ऐकत होत्या. चाळीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं कुणी ऐकलं नाही हो!

बारा वाजले. मॅडमचा पत्ता नाही. बाया पदर खोचून उठायला लागल्या, तेवढ्यात टेबलावर माझ्या फोनचा दिवा लागला. "घोडेगाव सोडलंय, पोचतेच," मॅडम म्हणाल्या.

आता काय करावं? मी फाट्यावर जायचं ठरवलं, आणि जाताना शाळेत इन्स्पेक्शनच्या दिवशी करायचो तेच केलं. बाहेरून कुलूप! किल्ली खिशात.

फक्त दहा मिनिटांसाठी, शपथ!

फाट्यावर अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. कसली गाडी आणि कसलं काय! मॅडम मोबाईलवर नकाशा बघत दुसऱ्याच रस्त्यानं थेट सभागृहावर पोचल्या होत्या. मला फोनवर फोन करत होत्या, आणि भाषणासाठी सायलेंट केलेला माझा फोन खिशात गप्प पडला होता.

कंटाळून परत आलो. बघतो तर खिडकीबाहेर मॅडम वही घेऊन उभ्या, आणि आतून गज धरून सुभद्राबाई सांगतेय!

"त्यो बगा आला! ह्योच!"

"मास्तर, यांना तुम्ही कोंडलंत?"

"अहो, कोंडलं कुठं? जरा थांबवलं. तुमच्यासाठीच!"

"बाहेरून कुलूप लावून?"

"कुनाला डांबता येत न्हाई म्हनं!" सुभद्राबाई कडाडली. "सकाळच्याला ह्यांनीच शिकवलं! आन् माजं तान्हं तकडं भुकेनं टाहो फोडत असंल, त्याचं काय?"

मी घाईघाईनं खिशातली किल्ली काढून कुलपाला लावली. दार उघडलं तशा बाया कोप्यांकडे धावत सुटल्या. खोटं कशाला बोलू, त्या तान्ह्याचं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन तास हक्कांवर बोललो आणि त्या बाईचं एक वाक्य काही ध्यानात ठेवलं नाही!

महिन्याभरानं मॅडमचं पत्र आलं. भीत भीत फोडलं. "शाखेचं प्रशिक्षण अत्यंत परिणामकारक आहे. बायांनी हक्क ओळखला आणि त्याच दिवशी तक्रारही नोंदवली. शाखेला मान्यता देत आहोत."

मी उडालोच! "अगं, पेढे आण! अध्यक्ष झालो!"

हिने चष्मा लावला आणि पुढचं वाचायला घेतलं.

"अध्यक्ष म्हणून सुभद्राबाईंचं नाव सुचवलंय."

"काय? मग माझं नाव कुठंच नाही?"

"आहे की," तिने पान उलटलं. "हे काय, 'तक्रार कोणाविरुद्ध', त्याच्यापुढं."