तळाशी बसलेली धूळ

माझे बाबा एका क्लबचा पोहण्याचा तलाव साफ करतात. भिंतीपलीकडेच खडी फोडायचा क्रशर आहे आणि त्याची पिठासारखी धूळ रोज पाण्यात पडते. आधीचा माणूस पंप लावून तळाचं गढूळ पाणी सरळ गटारात सोडायचा. बाबांना ते बघवत नाही, कारण आमच्या नळाला दिवसाआड पाणी येतं. ते धूळ आधी तळाशी बसू देतात आणि मग व्हॅक्यूमचा ब्रश इतका हळू सरकवतात, की बघणाऱ्याला झोप यावी. ओढलेलं पाणी दुहेरी कापडाच्या पिशवीतून गाळून पुन्हा तलावातच सोडतात. "घाई केली की धूळ उठते," म्हणतात.

तरी एखादे साहेब काठावरून ओरडतातच, "अहो, पाणी जरा गढूळ वाटतंय!" पाण्याचं कसलं घेऊन बसलात, क्रशरवरच्या बायका श्वासातून काय ओढतात ते बघा, असं माझ्या अगदी ओठांवर येतं. बाबा डोळे वटारून मला गप्प करतात.

आई त्याच क्रशरवर खडीच्या पाट्या उचलायची. खोकला हटेना म्हणून आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला.

"दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय. ती आता निघायची नाही."

बाबांनी खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात विचारलं,

"अगदी हळू ओढली तरी?"