इक्बालमामांची दोनची गाडी

“पोरींनो, विषय कुठला बी घ्या, पण सुटायचं समद्यांनी एकाच टायमाला.”

शिरूरच्या आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाचे प्रवेश चालू होते, तेव्हा माझ्या टेबलासमोर उभे राहून इक्बालमामा हे बोलले. त्यांच्यामागे सात-आठ मुली होत्या. सगळ्यांनी ओढण्या एकाच तऱ्हेनं बांधलेल्या, जीपच्या वाऱ्याला बांधतात तशा. मुलींच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर विषय. नव्या धोरणात पहिल्या सत्रालाच मुख्य विषय, दुसऱ्या शाखेतला एक, कौशल्याचा एक, भाषा, पर्यावरण असं काय काय निवडून बावीस क्रेडिट भरायचे असतात. प्रत्येकीनं आपापल्या आवडीनं निवडायचं, म्हणजे प्रत्येकीचं वेळापत्रक वेगळं. मामांना नेमकं तेच पटत नव्हतं.

“सर, बावीस म्हंजी किती तास वो?”

मी सांगितलं.

“गच्च झाली की. टपावर बी बसवायच्या का?”

मुली हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक ओढून घेतलं आणि कुठल्या दिवशी शेवटचा तास किती वाजता संपतो, एवढंच बोटानं बघत गेले. विषयाच्या नावाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

इक्बालमामा तळेगाव ढमढेऱ्याचे. त्यांचे वडील लग्नकार्यात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. गावात वीज स्थिरावली आणि तो धंदा विझला. मामांनी आधी दुसऱ्याची जीप चालवली, मग स्वतःची घेतली. आता क्रूझर आहे. सकाळी तळेगावाहून शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूरला यायचं, दुपारी दोनला परत. मग शिक्रापूरच्या चौकात जीपवाल्यांच्या रांगेत आपला नंबर लावायचा आणि कारखान्यांतून सुटणारी माणसं भरायची. नंबर हुकला की रांगेच्या शेपटाला.

पण मुलींची गाडी हा धंदा नव्हता, किंवा धंदा म्हणून सुरू झाली नव्हती. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी रुबी बारावी झाली. तिला पुढं शिकायचं होतं. रुबीची आई जन्नतबी म्हणाली, एकटीला इतक्या लांब पाठवायची नाही. तेव्हा मामा घरोघर गेले. ज्यांच्या घरी बारावी झालेली मुलगी आहे, अशा प्रत्येक दारात उभे राहिले.

“माझी रुबी जातीया शिरूरला. तुमची बी पाठवा.”

“गाडीत कोण कोण?”

“समद्या पोरीच.”

“आन् येताना?”

“नेल्या तेवढ्या मोजून आणीन. एक बी मागं ऱ्हायची न्हाई.”

या शब्दावर त्या वर्षी पाच मुली कॉलेजात आल्या. पुढच्या वर्षी जास्त. बापांची अट ठरून गेली: जायचं इक्बालच्या गाडीतनं, यायचंही इक्बालच्या गाडीतनं. मामांनी शब्द पाळला. दोनला गाडी सुटायच्या आधी ते मागचं दार उघडून ओठांतल्या ओठांत मोजत. एखादी लायब्ररीत राहिली असेल, तर सगळी गाडी तिच्यासाठी थांबे; मग वाटभर त्या मुलीला बाकीच्यांचे टोमणे खावे लागत. त्यापेक्षा लायब्ररीत न गेलेलं बरं, हे मुली आपोआप शिकल्या.

आणखी एक गोष्ट त्या आपोआप शिकल्या. गाडी एक, तर विषयही एक. रुबीच्या वर्षी भूगोलाचे तास लवकर संपत, म्हणून पाचही जणींनी भूगोल घेतला. रुबी आता लग्न होऊन दौंडला असते आणि तिथल्या शाळेत भूगोलच शिकवते. तिला तो आवडतो. आधीपासून आवडत होता की घेतला म्हणून आवडायला लागला, हे आता तिलाही सांगता यायचं नाही. आपण ज्याला आवड म्हणतो, त्यातलं किती आपलं आणि किती रस्त्याचं, कुणाला ठाऊक.

तर त्या दिवशी मामांनी माझ्या टेबलावर आठ मुलींचं पहिलं सत्र रचलं. मुख्य विषय भूगोल. दुसऱ्या शाखेतला आहारशास्त्र, कारण तो सकाळी. कौशल्याच्या विषयात अडलं. पार्लर दुपारी होतं, शिवण दुपारी होतं. दोनच्या आत संपणारा एकच विषय होता: मोडी लिपी.

“ह्यो कशाचा?” मामांनी विचारलं.

“जुनी लिपी. जुनी कागदपत्रं वाचायला शिकवतात.”

“कोण शिकवतंय?”

“मीच.”

मामांनी मला नीट न्याहाळलं. “टायमावर सोडता न्हवं?”

माझ्या मोडीच्या वर्गात तोवर कधी तिघांच्या वर कुणी बसलं नव्हतं. त्या एका सकाळी तो भरला. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं. हा वर्ग क्रूझरनं भरलाय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठ जणींत एक मोनाली होती. सर्जेरावांची मुलगी. सर्जेराव म्हणजे ऊसवाले, भावकीत वजन, सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा उभे राहिलेले. मोनाली बारावीला सायन्सला होती, मार्कही चांगले. तिनं मोबाइल खाली ठेवून हळूच म्हटलं, “मामा, मला केमिस्ट्री घ्यायची होती.”

“मंग घे की.”

“तिला प्रॅक्टिकल असतं. आठवड्यात तीन दिवस.”

“कवा?”

“दुपारी. दोन ते पाच.”

मामांनी वेळापत्रकावरचं बोट उचललं. मग म्हणाले, “ते घरी न्हाई का करता येत?”

“मामा, घरी ॲसिड कुठून आणू?”

“बॅटरीतलं देतो की.”

मुली खदखदून हसल्या, मोनालीलाही हसू आलं. पण मामांनी विषय सोडला नाही. ते उठून रसायनशास्त्राच्या शितल मॅडमकडे गेले. मीही गेलो.

“मॅडम, ते ओतायचं काम सकाळी न्हाई का व्हत?”

“सकाळी लॅब तिसऱ्या वर्षाला असते, मामा.”

“त्यास्नी दुपारी घ्या. पोरं हायती, जातील कशी बी.”

“तिसऱ्या वर्षातही मुली आहेत.”

“त्या कुणाच्या गाडीनं येत्यात?”

मामा परत आले, मोनालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरी, सात जणी तीन तास उन्हात बसत्याल का तुझ्यापायी? त्यांच्या आया मला गावात शिरू देत्याल का? आन् तुला मागं ठिवून गेलो, तर तुझ्या आप्पाला काय सांगू? भूगोल बी चांगला असतो. रुबीनं केलाय.”

मोनालीनं मान हलवली आणि भूगोल घेतला. तिचा आवाज चढला नाही की डोळे भरले नाहीत. ज्या मुलीला ‘नाही’ ऐकून घेण्याची सवय असते, ती असंच करते.

तास सुरू झाले. मोडीच्या वर्गात आठही जणी पहिल्या दोन बाकांवर बसत. राजनंदिनी त्यांच्यातली सगळ्यांत बोलकी. ती विचारायची, “सर, ह्या लोकांनी हात न उचलता लिहिलंय, ह्यांना बी गाडी पकडायची होती का?” मोनाली मात्र अक्षरं सुबक काढायची आणि वर बघायची नाही.

कॉलेजात शाखा बदलायला मुदत असते. ती संपत होती त्या दिवशी माझा तास पावणेदोनला सुटला. मुली गेल्या. मी फळा पुसत होतो, तर थोड्या वेळानं इक्बालमामा दारात.

“सर, मोनाली हाय का हितं?”

“नाही. गेली सगळ्यांबरोबर.”

“सात भरल्या. तीनदा मोजल्या.” त्यांच्या कपाळावर घाम होता. “फोन बी उचलंना.”

आम्ही लायब्ररी पाहिली, कँटीन पाहिलं. बाहेर क्रूझरचा हॉर्न वाजायला लागला. स्टिअरिंगपाशी राजनंदिनी बसली होती, हे त्या वाजवण्यावरून कळत होतं. शेवटी रसायनशास्त्राच्या मजल्यावर शिपायानं सांगितलं, एक मुलगी आत गेलीय, मॅडमनी बसवलीय.

लॅबच्या दारात मामांनी चपला काढल्या. तिथं कुणी काढत नाही. फरशीवर काय काय सांडलेलं असतं. मी खुणेनं सांगितलं, तरी ते अनवाणीच आत आले.

मोनाली टोकाच्या टेबलाशी उभी होती. अंगात कुणाचा तरी उसना पांढरा कोट, बाह्या दुमडलेल्या. समोर स्टँडला काचेची लांब नळी, तिची तोटी तिच्या डाव्या हातात, उजव्या हातात फ्लास्क. ती तो हळूहळू फिरवत होती आणि वरून थेंब पडत होता. थेंब पडे तिथं गुलाबी ठिपका उठे आणि फिरवता फिरवता नाहीसा होई. पुन्हा थेंब. पुन्हा नाहीसा.

“मोना—”

“मामा, आत्ता नको,” शितल मॅडम म्हणाल्या. “एक थेंब जादा पडला की सगळं पहिल्यापासून.”

खाली हॉर्न वाजला. लांबलचक. मोनालीच्या कानावर तो गेला असेल असं वाटलं नाही. मामा टेबलापासून दोन हात लांब उभे होते. या माणसानं घाटातून, बैलगाड्यांमधून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून आयुष्यभर गाडी चालवली होती. क्लचवर पाय किती ठेवायचा, याचा अंदाज असतो तसं काहीतरी ते तिच्या बोटांत बघत असावेत. किंवा मी उगाच त्यांच्या डोक्यात शिरतोय. मला एवढंच दिसलं, की त्यांनी खिशातली वाजणारी किल्ली मुठीत आवळून गप्प केली.

थेंब पडला. फ्लास्क फिरला. फिकट गुलाबी रंग उठला आणि या वेळी गेला नाही.

मोनालीनं तोटी बंद केली, आकडा बघितला, मॅडमकडे बघितलं. मग तिला मामा दिसले. तिचा चेहरा एकदम उतरला. ती घाईघाईनं कोटाची बटणं काढायला लागली.

“झालं, मामा. येते. एकदाच बघायचं होतं, म्हणून मॅडमना मीच विचारलं. चला, त्या वाट बघत्यात.”

“किती वाजत्यात तुझं सुटायला?”

“झालं माझं.”

“तुझं न्हाई. ह्या समद्यांचं.”

“पाच.” मोनालीचे हात बटणावर थांबले.

मामा माझ्याकडे वळले. “सर, आज बदलता येतंय का?”

“आजचाच दिवस आहे. जागा आहे. पण घरचं पाहिजे.”

“आप्पाला फोन लाव.”

मोनालीनं लावला आणि मामांच्या हातात दिला. मामा फोन कानापासून लांब धरतात, त्यामुळं सर्जेरावांचा आवाज आम्हालाही ऐकू आला. ते रानात असावेत. मागं मोटार चालू होती.

“सर्जेराव, इक्बाल बोलतोय. पोरीला सायन्सला घालायचं म्हंतोय मी.”

“तुम्हीच भूगोल म्हनला व्हता की, इक्बालभाई.”

“व्हय. म्हनलो व्हतो.”

“मंग आता काय झालं? तिनं काय केलं का?”

“तिनं काय केलं न्हाई. चुकलं माझं. तीन दिवस पाचला सुटंल ती.”

“आन् गाडी?”

“गाडी दोनला बी जाईल आन् पाचला बी येईल.”

“तुमचा नंबर?”

“लागंल कवातरी. त्ये माझं मी बघतो.”

मोटारीचा आवाज तेवढा येत राहिला. मग सर्जेराव सावकाश म्हणाले, “एकटीच असंल गाडीत. गाव कसंय तुम्हाला ठावं हाय. तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई, पर लोकं...”

“जन्नत असंल संगं.”

“वहिनी? तीन तीन दिवस? त्यास्नी इचारलं का?”

“इचारतो घरी जाऊन. न्हाई म्हनली, तर मलाच रस्त्यात उतरवंल ती.”

सर्जेराव हसले असावेत. फोनमधून नुसता श्वास आला. “इतकी वर्सं झाली, एक बी पोरगी मागं न्हाई राहिली तुमची, इक्बालभाई. म्हनूनच तर समदी गप बसत्यात.”

“आज ऱ्हाईल,” मामा म्हणाले. “पाचपतोर. मी न्यायला येतो.”

मोनाली माझ्याकडे बघत होती, मी फरशीकडे. मग सर्जेराव म्हणाले, “सरास्नी द्या.” मी फोन घेतला. ते म्हणाले, “करा सर. पोरगी इक्बालभाईंच्या शब्दावर हाय.” आणि फोन ठेवला.

मोनाली “मामा” म्हणाली. शितल मॅडमनी तिच्या कोटाचं सुटलेलं बटण परत लावलं आणि दुसरा रिकामा फ्लास्क तिच्यासमोर सरकवला. बाकीची मुलं-मुली आपापल्या नळ्यांकडे वळली होती.

मामांनी तो गुलाबी फ्लास्क उचलून उजेडाला धरला, थोडा हलवून बघितला, जपून जागेवर ठेवला. मग पाठ फिरवली, दाराशी जाऊन चपलांत पाय सरकवले आणि खाली वाट बघणाऱ्या गाडीकडे निघाले.