काकांची चार काडतुसं

निवडणुकीआधी बंदूक ठाण्यात जमा करायची, म्हणून काल बाबांच्या जुन्या बंदुकीला तेल लावायला बसले. त्या वासासरशी हिवरखेडचं आमचं हरभऱ्याचं शेत आठवलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. हरणं पीक खायची, म्हणून मी पहाटे हवेत बार काढून त्यांना पळवायची. एकदा काकांनी माझ्या हातावर चार काडतुसं ठेवली. त्यांत छर्रे नव्हते, प्रत्येकात एकच मोठी गोळी होती.

"हवेत काहून मारून राहिली? याच्यानं हरीण जागेवर पडते."

"या बारक्या नळीनं नाही पडत, काका. मांगच्या साली तुमी याच बंदुकीनं मारलेली मादी दोन दिवस नाल्यात तडफडत होती. मीच तिले पाणी पाजलं."

"पोरीच्या जातीले बंदुकीतलं काय समजते?"

मी चारही काडतुसं त्यांच्यादेखत विहिरीत टाकली. बाबा बांधावर उभे होते.

त्या वर्षी निम्मा हरभरा गेला. काका माझ्या लग्नालाही आले नाहीत. पुढे बरीच वर्षं वाटायचं, जरा गोडीनं सांगायला हवं होतं. आता वाटतं, आदल्या वर्षीच त्यांच्या हातून बंदूक हिसकावून घ्यायला हवी होती.