जतनबाईंच्या टीव्हीतलं भूत

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाटा चुलीवर रटरटत होता, प्रमिलाबाईंना घोटणं सोडता येत नव्हतं आणि नेमकी कडी वाजली. समोरच्या जतनबाई आत आल्या त्या आवाज चढवूनच.

"अहो, आमच्या टीव्हीत भूत शिरलंय! मालिका रंगात आली की फट्‌दिशी बंद!"

"भुतालाही आज रविवारची सुट्टी दिसतेय," म्हणत प्रमिलाबाईंनी गरम घाट्यावर तेल सोडलं आणि वाटी त्यांच्या हाती दिली. बिबड्यांच्या दिवशी पिंप्राळ्यात भांडायला आलेलं माणूसही रिकाम्या तोंडी जात नसे.

घाट्याचं पातेलं घेऊन त्या गच्चीवर गेल्या, मागोमाग वाटीसह जतनबाई. वर त्यांचा मुलगा अभिमन हिरमुसून बसलेला. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने टीव्हीच्या जुन्या रिमोटच्या भागांतून खेळातली बंदूक केली होती. तिच्यातला न दिसणारा प्रकाश समोरच्याच्या जॅकेटावरच्या काचेच्या डोळ्यावर पडला, की छातीवर लाल दिवा लागे. जॅकेटं प्रमिलाबाईंनी शिवलेली. पोराच्या प्रत्येक खटपटीत त्यांनी शिवलं, धरलं, केर काढला. चालवून मात्र कधी पाहिलं नाही.

खोलीत सगळं झकास चाले. उद्या परीक्षक मैदानात बघणार होते, आणि गच्चीवर टांगलेल्या जॅकेटाचा दिवा सकाळपासून ढिम्म.

"बंदुकीत दमच नाही, आई. दोन हातांपलीकडे पोचत नाही. नापास होणार मी."

प्रमिलाबाईंनी जॅकेटाच्या पलीकडे पाहिलं. बोळ ओलांडला की थेट जतनबाईंची खिडकी.

"पोचत नाही? मग यांचा टीव्ही कोण बंद करतंय रे?"

अभिमन ताडकन उठला. "काकू, टीव्ही लावा ना जरा!"

जतनबाई धावत घरी गेल्या. त्याने खिडकीवर नेम धरून घोडा दाबला. पलीकडून आरोळी आली, "गेला परत!"

"बंदूक ठीक आहे!" अभिमन ओरडला. "चैताचं ऊन त्या डोळ्यात घुसतंय, त्यात माझा प्रकाश त्याला कळेल कसा?" सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याने डोळ्याला समोरून उघडं टोपण घातलं, गच्चीच्या पार टोकाला जाऊन घोडा दाबला. लाल दिवा लखकन लागला.

"म्हणजे भूत तुमच्याच घरचं!" जतनबाई खिडकीतून कडाडल्या. "आणि मी घाटा खाऊन गप्प बसले! लावते बाई टीव्ही पुन्हा."

प्रमिलाबाईंनी माखलेले हात धुतले, पदराला पुसले.

"अभिमन, एकदा माझ्या हातात दे. जतनबाईंचा टीव्ही मला बंद करायचाय."