पूर्ण नावाची चटणी

हे लिहायला घेण्यापूर्वी मी प्रश्न नेमका करून घेतला आहे. लहान व्यावसायिकाने आपला माल इंटरनेटवर, म्हणजे ज्यांचे चेहरे कधी दिसणार नाहीत अशा लोकांपुढे मांडताना, तो करणाऱ्याचे नाव सांगावे की झाकावे? विक्रीकलेच्या पुस्तकांत रंग, अक्षरांचा आकार, घोषवाक्य यांवर पाने खर्ची पडलेली असतात. या प्रश्नावर मला काही आढळले नाही. त्याचे जे काही उत्तर मला मिळाले, ते सुशीलाक्का कांबळे यांच्या सहवासात मिळाले.

आक्कांची एक सवय होती. गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट ठेवताना त्या आपले पूर्ण नाव मोठ्याने सांगत. "सुशीला मारुती कांबळे. चटणीत खोट निघाली तर ह्या नावानं शिव्या घाला. दुसऱ्या कुणाच्या नावानं घालू नका." मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चटणी घ्यायला गेलो तेव्हा मला हे विचित्र वाटले. मी म्हणालो, "नाव तर बाहेर पाटीवर लिहिलेले आहे." त्या म्हणाल्या, "पाटी वाचून म्होरं जाणारी लई असत्यात, सर. ऐकून थांबणारी किती, ते मी बघतो." आमच्या कोल्हापूरकडच्या अनेक बायका करतात त्याप्रमाणे त्या स्वतःविषयी 'मी बघतो', 'मी जातो' असेच बोलत.

आक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. त्यांच्या आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि पती मारुतराव गेल्यानंतर त्यांचे मिरची-कांडप एकटीने चालवू लागल्या. कांडप म्हणजे विजेच्या मोटरवर वरखाली होणारी चार लोखंडी मुसळे आणि त्यांखालची उखळे. नव्वदच्या दशकात उन्हाळा लागला की आमच्या भागातल्या बायका वर्षाची चटणी, म्हणजे रोजच्या स्वयंपाकातला तिखट मसाला, कुटून घ्यायला तिथे रांग लावत. या रांगेचा एक नियम होता. आपली मिरची उखळात पडली की ती बाहेर निघेपर्यंत समोरच्या बाकावरून उठायचे नाही. दुसरीची मिरची आपल्यात मिसळू नये आणि आपली कमी भरू नये, म्हणून ही राखण. तोंडाला पदर लावून, शिंकत, डोळे पुसत बायका तासतासभर बसत. हा संशय आक्कांना कधी अपमानाचा वाटला नाही. "बघू दे की. झाकून कुटलं तर मलाच झोप लागायची न्हाय," असे त्या म्हणत.

मात्र एक गोष्ट त्यांच्या लक्षात फार आधी आली होती. मिरची, तळलेले खोबरे, भाजलेला कांदा, लसूण हे सर्व घरून आणून त्यांच्याकडे कुटून नेणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी आक्कांनी स्वतः भाजून-तळून केलेली तयार चटणी विकत घेत नसत. कारण कोणी सांगत नसे. आक्काच सांगत. "मुसळ माझं चालतंय, कढई माझी चालत न्हाय. मुसळाला जात न्हाय आणि कढईला हाय, असं ठरलंय ह्यांचं." हे वाक्य त्या बाकावरच्या बायकांसमोरच म्हणत, आणि मग त्याच बायकांना पाणी हवे का, म्हणून विचारत. एकदोघी पाणी घेत.

पुढे घरोघरी पाकिटातल्या तयार चटण्या आल्या. नोकरीवर जाणाऱ्या सुनांना बाकावर बसायला सवड उरली नाही. दोन हजार साल उलटल्यानंतर कांडपाची रांग दरवर्षी आखूड होत गेली. एका उन्हाळ्यात आक्कांनी मला हिशेबासारखे स्पष्ट सांगितले, "सर, कुटायचं काम संपलं. आता तयार चटणी खपली तरच हे यंत्र राहील. पुढल्या पाडव्यापर्यंत खपली न्हाय, तर यंत्र इकतो आणि कुणाच्या तरी मेसमधी भांडी घासाय जातो. भांड्याला माझा हात चालतोय त्यांना."

त्या काळी आमच्या भागात इंटरनेट होते ते विलासरावांकडे. विलासराव पूर्वी टायपिंगचा वर्ग चालवत. टंकलेखन यंत्रांची सद्दी संपल्यावर त्यांनी त्याच टेबलांवर संगणक मांडले आणि जोडीला लोकांची संकेतस्थळे बनवून देऊ लागले. माझा एक जुना विद्यार्थी परदेशातून मला ई-मेलने पत्र पाठवी. ते वाचायला मी तिथे जात असे. एकदा त्याने लिहिले की इकडे कोल्हापुरी चटणी मिळत नाही, कुणाची चांगली आहे ते कळवा. मी आक्कांना घेऊन गेलो. त्यांनी पडद्यावरचे पत्र दोनदा वाचायला लावले आणि विचारले, "म्हंजे हितं जे लिवलंय, ते तिकडं बसून कुणीबी वाचतंय?"

"संकेतस्थळाच्या पानावर लिवलं, तर कुणीबी," विलासराव म्हणाले.

"मग माझं बी पान काढा. बाक लांबवायचा हाय मला."

पान काढायचे ठरले आणि पहिल्याच बैठकीत अडले. विलासरावांनी नावांची यादीच करून आणली होती. 'पाटलीणबाईंची चटणी' हे त्यांना सर्वांत पसंत. सोबत नथ घातलेल्या एका अनोळखी बाईचे चित्र.

"ही कोण?" आक्कांनी विचारले.

"कुणी न्हाय वो. चित्र हाय. लोकांना घरगुती वाटतंय."

"हिनं चटणी केलीया?"

"आक्का, धंद्याचं बघा की जरा. आडनाव वाचून गिऱ्हाईक बिचकतंय. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"मला म्हाईत न्हाय तर कुणाला म्हाईत, इलासराव? माझंच नाव घाला. आणि ह्या बाईला तिच्या घरी सोडून या."

मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. मी गणिताचा शिक्षक असलो तरी माझे मराठी बरे समजले जाई. मी नीटनेटका परिच्छेद लिहिला आणि त्यात 'सोवळ्यातल्या स्वच्छतेने तयार केलेली' असे शब्द घातले. आमच्या घरी लोणच्यापापडांबाबत ते इतक्या सहज वापरले जात, की मी लिहिताना क्षणभरही थांबलो नाही. आक्कांनी शांतपणे सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "सोवळं म्हंजे कुणापासनं वो, सर?"

मी ती ओळ खोडली आणि नंतर सबंध परिच्छेद खोडला. पुढचा मजकूर आक्कांनी तोंडी सांगितला, मी फक्त लिहून घेतला: चटणीत काय काय पडते, संकेश्वरी मिरची कुठून येते, कोणत्या दिवशी भाजणे, कोणत्या दिवशी कुटणे, आणि खाली पूर्ण नाव, पत्ता. छायाचित्र कांडपासमोरचेच घेतले. डोक्याला फडके, भुवयांवर मिरचीची पूड. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती. विलासराव म्हणाले, "मागचं जरा कापून घेतो. पान आटोपशीर दिसंल." आक्का म्हणाल्या, "तसबीर कापली तर त्या पानावर मी कुठं राहिलो? ऱ्हाऊ दे."

पान सुरू झाले. त्याच्या तळाशी वाचकांना लिहिण्यासाठी अभिप्रायाची जागा होती. माझ्या विद्यार्थ्याने चार पाकिटे मागवली. त्यानंतर पुष्कळ दिवस काही नाही. मग एक अभिप्राय आला. त्याखाली 'एक ग्राहक' एवढीच सही होती आणि मजकूर चार शब्दांचा होता: 'नाव वाचले. चटणी नको.'

विलासरावांनी आक्कांना बोलावण्याआधी मला बोलावले. पुसून टाकावे, असे आम्हा दोघांचे मत पडले. तेवढ्यात आक्का स्वतःच आल्या, कारण दर सोमवारी त्या पान पाहायला येत.

"एक बटण दाबलं की गायब होतंय, आक्का," विलासराव म्हणाले.

"लिवलेलं गायब होईल. लिवणारा होतोय व्हय?" त्यांनी खुर्ची ओढली. "ऱ्हाऊ दे तसंच. त्याच्या खाली माझं लिवा. सर, तुमी सुधरायचं न्हाय."

त्यांनी सांगितले तसे मी लिहिले: 'तुमी माझं नाव वाचलं, तुमचं लिवायला इसरलासा. मी सुशीला मारुती कांबळे. दर शुक्रवारी दुपारी चटणी कुटतो. दार उघडं असतंय, बाक मोकळा असतोय. येऊन बसा. घेऊ नका, नुसतं बघा.'

हे उत्तर पडद्यावर उमटले त्यानंतरच्या आठवड्यात जयसिंगपूरचा एक व्यापारी कांडपावर आला. त्याने पान पाहिले होते. त्या वेळी मी बाकावर होतो. त्याने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सरळ मुद्द्यावर आला. होईल तेवढी चटणी तो घेणार होता, वर्षभर. अट एकच होती. पाकीट त्याचे, नाव त्याचे आणि इंटरनेटवरचे पान बंद.

"बाई, धंद्यात नाव चालत न्हाय. चव चालती," तो म्हणाला.

"मग पाकिटावर तुमचं नाव कशाला घालताय, पावणं? नुसती चव लिवा की."

तो हसला. आक्का हसल्या नाहीत. पाडवा दोन महिन्यांवर होता, घरात न खपलेल्या चटणीचे डबे रचलेले होते आणि समोरचा माणूस ते सर्व उचलायला तयार होता. मी त्यांच्या जागी असतो तर होकार दिला असता. तो रिकाम्या हाती परत गेल्यावर तसे बोलूनही दाखवले. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, भांडी घासली तर भांडी घासणारी सुशीला कांबळे म्हणतील. ह्यानं नेलं तर चटणी करणारी कुणीच न्हवती असं होईल. घासणं बरं."

ते उत्तर टाकल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी बाकावर कोणी आले नाही. दुसऱ्या शुक्रवारी शहरातल्याच राजारामपुरीतून एक वयस्कर बाई रिक्षाने आल्या. नाव सांगितले नाही, काही विचारले नाही. पूर्ण दुपार शिंकत बसल्या, आक्कांनी दिलेले पाणी प्यायल्या आणि काही न घेता गेल्या. पुढच्या शुक्रवारी त्या सुनेला घेऊन आल्या आणि दोन किलो चटणी घेऊन गेल्या. 'एक ग्राहक' त्याच होत्या का, हे आक्कांनी विचारले नाही आणि मलाही विचारू दिले नाही.

खरी मागणी मात्र वेगळ्याच बाजूने आली. बंगळूरला नोकरी करणाऱ्या एका तरुणाने लिहिले: 'आक्का, मीही कांबळेच. इथे ऑफिसात मी फक्त पहिले नाव सांगतो. तुमचे पान मी चौघांना दाखवले. पाच पाकिटे पाठवा आणि पार्सलवर माझे नाव पूर्ण लिहा.' त्या चौघांनी आणखी कोणाला दाखवले. अभिप्रायाच्या जागी लोक पूर्ण नावाने लिहू लागले. त्यांत कांबळे होते, तसे पाटील, मुजावर आणि कुलकर्णीही होते. अधूनमधून टोमणेही येत. तेही आक्कांनी पुसू दिले नाहीत. पाडवा आला आणि यंत्र जागेवर राहिले.

त्या फार मोठ्या झाल्या, असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. एका बाईचे कांडप चालेल एवढा धंदा टिकला. स्वभावही विक्रेत्याला साजेसा नव्हता. एकाने 'फार तिखट' अशी तक्रार केली, तेव्हा त्यांनी उत्तर लिहवून घेतले, 'चमच्यानं घ्या, पाटीनं न्हवं.' त्या दशकाच्या अखेरीस लोक ओळखी जोडणाऱ्या नव्या संकेतस्थळांवर गेले. विलासरावांनी तिथेही त्यांचे पान उघडले, तेव्हा त्यांनी खात्यावर चटणीचे चित्र लावू दिले नाही. स्वतःचा चेहराच लावायला सांगितला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या अल्पशा आजाराने गेल्या. सासरी असलेल्या त्यांच्या मुलीने त्याच पानावर बातमी दिली. कधीही न भेटलेल्या माणसांनी खाली ओळीने लिहिले. बहुतेकांनी आधी आपले पूर्ण नाव लिहिले आणि मग पुढचा मजकूर.

एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडू नये, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर, करणाऱ्याचे नाव सांगावे, हे मी सिद्ध झालेले मानत नाही. वाचकांना एवढीच विनंती आहे. तुमच्या स्वयंपाकघरात विकत आणलेला जो पदार्थ असेल, त्याच्या पाकिटावर विकणाऱ्याचे नव्हे, तो करणाऱ्याचे नाव शोधा. नसेल तर दुकानदाराला विचारा. आणि ते कळल्यावर तुमचा हात किंचित थांबतो का, हे कृपया स्वतःच तपासून पाहा.